सामानाची यादी आणि कामगाराची हजेरी

या व्याख्यानमालेत दरवर्षी साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय होतात. त्यांच्या पंक्तीला आम्ही जो विषय आणून बसवीत आहोत, तो तेलकट हातांचा आहे. कारखान्यात एखादी वस्तू करावयाची तर तिला काय काय सामान लागते, याची एक यादी असते. ती यादी संगणकात असते, आणि ती खरी राखावी लागते. एवढाच हा विषय. इंग्रजीत या यादीला ‘बिल ऑफ मटेरियल’ म्हणतात. आमच्या भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात तिचे ‘बॉम’ झाले आहे. हे बिल पैशाचे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण नव्या पोरांचा तेथेच घोटाळा होतो.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही कळले ते युनियनच्या कामासाठी खात्याखात्यांतून हिंडताना, आणि रात्री कागद व पुस्तके वाचून कळले. तेव्हा या विषयावर तज्ज्ञ जे बोलतात तेच आम्ही सांगणार. मात्र यंत्रापाशी उभे असणाऱ्याच्या जागेवरून सांगणार.

आरंभ कारखान्यातून न करता लग्नघरातून करू. आचारी येतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, “पाने किती?” आपण म्हणतो, “दोनशे.” मग तो गूळ किती लागेल हे आपल्याला विचारीत नाही, तो सांगतो. पानांचा आकडा हा अंदाजाचा असतो, पण एकदा तो ठरला की गुळाचा आकडा हिशेबाचा होतो. पुरणपोळीला पुरण आणि कणीक हवी. पुरणाला हरभऱ्याची डाळ, गूळ आणि वेलदोडे हवेत. कटाच्या आमटीलाही थोडा गूळ जातो. म्हणजे गुळाची मागणी दोन ठिकाणांहून आली. ती एकत्र करावयाची, घरात असलेला गूळ वजा करावयाचा, आणि उरेल तेवढा वाण्याकडून आणावयाचा. शिवाय डाळ शिजल्याखेरीज पुरण वाटता येत नाही, म्हणून डाळ पोळीच्या कितीतरी आधी हाताशी हवी. काय लागते, किती लागते, कशाच्या पोटात काय आहे आणि किती आधी लागते, या चार गोष्टी ज्याला तोंडपाठ त्याचे कार्य बिनबोभाट पार पडते.

कारखान्याचे नियोजन म्हणजे हेच. फक्त पानांच्या जागी पंप, ट्रॅक्टर किंवा स्कूटर असते, आणि यादीत दहा-वीस जिनसांऐवजी शेकडो, हजारो भाग असतात. पंपाच्या पोटात मोटर, मोटरच्या पोटात रोटर, रोटरच्या पोटात शाफ्ट, आणि शाफ्टच्या पोटात लोखंडी सळईचा तुकडा, अशा पायऱ्या उतरत जातात.

हे इतके उघड दिसत असले तरी फार काळ तसे होत नव्हते. पूर्वीची पद्धत अशी की कोठारात प्रत्येक भागाची एक खूण ठरलेली असे. साठा त्या खुणेखाली उतरला की नवा माल मागवावयाचा. पंप किती निघणार, कोणत्या आठवड्यात निघणार, याच्याशी त्या खुणेला देणेघेणे नसे. त्यामुळे नको तो माल कोठारात धूळ खात पडे, आणि हवा तो नेमका वेळेवर नसे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील रेसीन येथे जे. आय. केस या ट्रॅक्टरच्या कारखान्यात जोसेफ ऑर्लिकी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९६० च्या सुमारास हा हिशेब संगणकावर घातला. पुढे ते आयबीएम कंपनीत गेले, आणि १९७५ साली त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्यांचे मुख्य म्हणणे आचाऱ्याचेच होते: तयार वस्तू किती खपेल याचा अंदाज करा, तिच्या पोटातील भागांचा अंदाज करू नका, हिशेब करा. या पद्धतीला एमआरपी, म्हणजे सामानाच्या गरजेचे नियोजन, असे नाव पडले.

याच काळात चंद्रावर जाण्याची खटपट चालू होती. सॅटर्न-५ या अग्निबाणाच्या आणि अपोलो यानाच्या लक्षावधी भागांची यादी माणसांच्या हातून सांभाळणे अशक्य झाले. म्हणून १९६६ पासून आयबीएम, रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या माणसांनी मिळून त्यासाठी एक संगणकीय प्रणाली रचली. कॅलिफोर्नियातील डाउनी येथे १४ ऑगस्ट १९६८ रोजी तिने ‘तयार’ असा पहिला संदेश छापला. पुढे ती आयएमएस या नावाने प्रसिद्ध झाली, आणि बँकांची खातीदेखील तिच्यावर चालू लागली. चंद्रावर माणूस पोहोचला त्याच्या मागे अशी एक सामानाची यादी उभी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आज मोठ्या कारखान्यांत बहुधा १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या सॅप कंपनीची प्रणाली असते. मुंबईत जन्मलेली ईआरपीनेक्स्ट ही खुली प्रणालीही अनेक लहान कारखानदार वापरतात. प्रणाली कोणतीही असो, आतले गणित एकच. आणि ते गणित कधी चुकत नाही. चुकते ती यादी. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? यादी हा आड आहे. संगणक हा केवळ पोहरा.

एक साधा हिशेब मांडून पाहू. पंपाच्या दोन अर्धुकांना जोडणारे बोल्ट पूर्वी ६ होते. जोडातून पाणी गळू लागले म्हणून आराखडा करणाऱ्याने ते ८ केले. नकाशा बदलला, पण यादीत ६ च राहिले. आता ४०० पंपांची मागणी आली. संगणकाने ४०० गुणिले ६ असे २,४०० बोल्ट मागविले. लागणार होते ३,२००. आलेल्या बोल्टांत ३०० पंप पुरे झाले, आणि १०० पंप जोडणीच्या टेबलावर अर्धवट पडून राहिले. त्यांत महागडी मोटर आहे, तांब्याची वेटोळी आहेत, बेअरिंगे आहेत. नाही ते काही रुपयांचे बोल्ट. चौथा हिस्सा माल बोल्टांसाठी अडला.

गोष्ट येथे थांबत नाही. पुष्कळ ठिकाणी कोठारातून निघालेला प्रत्येक बोल्ट लिहून ठेवीत नाहीत. तयार पंप फाटकाबाहेर गेला की संगणक यादीप्रमाणे सामान आपोआप साठ्यातून वजा करतो. त्याला ‘बॅकफ्लश’ म्हणतात. १०० पंप गेले की संगणक ६०० बोल्ट वजा करणार. गेले मात्र ८००. आता संगणकाच्या लेखी कोठारात २०० बोल्ट जास्त आहेत, आणि पुढच्या खेपेला तो तेवढेच कमी मागविणार. अशा रीतीने यादीतली एक चूक साठ्यात चूक घालते, आणि साठ्यातली चूक खरेदीत. चुकीला पिले होतात.

कोणी म्हणेल, शंभर ओळींत पाच चुका म्हणजे काही फार नाही. शाळेत शंभरपैकी पंचाण्णव गुण मिळविणाऱ्या मुलाला आपण पेढे देतो. पण यादीचे गणित निराळे आहे. समजा, एका वस्तूच्या यादीत २० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ बरोबर असण्याची शक्यता शेकडा ९५ आहे. तर वीसच्या वीस ओळी बरोबर असण्याची शक्यता उरते शेकडा ३६ च्या आसपास. म्हणजे तीन वस्तूंपैकी दोघींच्या यादीत काही ना काही खोट असणार, आणि वस्तू अडायला एक खोट पुरते. ओळीची अचूकता ९९ वर नेली तर तीच शक्यता शेकडा ८२ च्या जवळ जाते. या विद्येचे एक मोठे प्रचारक ऑलिव्हर वाइट यांच्या परंपरेत यादीची अचूकता शेकडा ९८ च्या खाली चालत नाही, ती याच कारणाने.

आता श्रोते विचारतील, हे तर मालकाचे नुकसान; युनियनच्या माणसाला याची एवढी तळमळ का? कारण नुकसानीचा पहिला हप्ता कामगार भरतो.

बोल्ट नाहीत म्हणून जोडणीचे खाते बसते. कंत्राटी कामगाराला फाटकावरच सांगतात, “आज काम नाही.” कायम कामगाराला ‘ले-ऑफ’ मिळतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जे प्रकरण घातले गेले, त्याने ले-ऑफ झालेल्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई देऊ केली. त्याला पन्नास कामगारांच्या कारखान्याची आणि वर्षभराच्या सलग नोकरीची अट होती. बदली व तात्पुरत्या कामगाराला ती भरपाई नव्हती. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि ही तरतूद तिच्यातही कायम आहे. ले-ऑफच्या कारणांत कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांचा तुटवडा ही कारणे आहेत. कायद्याला तुटवडा दिसतो. तो तुटवडा बाजारात माल नव्हता म्हणून झाला, की यादीत ८ च्या जागी ६ लिहिले होते म्हणून, हे हजेरीपत्रकावर लिहिलेले नसते. निम्मा पगार मात्र दोन्ही वेळा निम्माच असतो. मग बोल्ट आले की तोच माल दोन दिवसांत काढा म्हणून रात्रपाळ्या लागतात, आणि घाईत बोटे जातात.

पैशाहून जड असते ती अब्रू. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात (त्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही) एका टर्नरला नोटीस आली. त्याला ६ मीटरच्या १० सळया दिल्या होत्या. शाफ्ट ११५ मिलिमीटरचा. संगणकाच्या हिशेबाने एका सळईचे ५२, म्हणजे १० सळयांचे ५२० शाफ्ट व्हावयास हवे होते. झाले ४९०. उरलेले ३० शाफ्ट त्याने बिघडवून लपविले, किंवा त्याहून वाईट काही केले, असा नोटिशीचा रोख होता.

चौकशीच्या टेबलावर आम्ही सळई, फीत आणि खडू मागितला. करवतीचा काप आणि तोंडे साफ करण्याची सूट मिळून प्रत्येक तुकड्यामागे ३ मिलिमीटर जातात. म्हणजे तुकडा ११८ चा झाला. शेवटचा १५० मिलिमीटरचा शेंडा यंत्राच्या पकडीत राहतो, तो कापता येत नाही. उरले ५,८५० मिलिमीटर. त्याला ११८ ने भागा: ४९ तुकडे, आणि थोडी कतरण. १० सळयांचे ४९०. टर्नरने एकही शाफ्ट बिघडविला नव्हता. यादीत शाफ्टची लांबी होती. शाफ्ट कापताना जाणारे लोखंड नव्हते. अशी घट लिहिण्यासाठी प्रणालीत वेगळे घर असते. ते कोणी भरलेच नव्हते. नोटीस मागे घेतली गेली. पण यादी दुरुस्त झाली ती सात महिन्यांनी, आणि तोवर दर खेपेला ३० शाफ्टांचा संशय कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर राहिला.

यादी बिघडते कशी, याची कारणे कोणत्याही खात्यात हिंडून पाहावीत. ती तीच ती असतात. आराखड्याच्या खात्याची यादी वस्तू कशी असावी हे सांगते, उत्पादनाची यादी ती प्रत्यक्षात कशी होते हे सांगते. दोघी जुळ्या बहिणी म्हणून जन्मतात आणि वर्षभरात एकमेकींना ओळखीनाशा होतात. एकाच बोल्टला दोन क्रमांक पडतात. मग एका क्रमांकावर ढीग आणि दुसऱ्यावर टंचाई दिसते. तांब्याची तार किलोवर विकत घेतात आणि मीटरवर लावतात. मधला गुणक कोणीतरी अंदाजाने टाकलेला असतो. ग्रीस, गोंद, खोके, लेबल या ‘किरकोळ’ गोष्टी यादीत नसतातच, आणि खोके नाही म्हणून तयार माल पडून राहतो. आणि सर्वांत जास्त चूक होते ती चांगुलपणाने. ठरलेला बोल्ट नसला की अनुभवी स्टोअरकीपर दुसरा, थोडा लांब बोल्ट देतो, फिटर त्याखाली एक वायसर जास्त घालतो, आणि काम निघते. दोघांनी कारखाना वाचविला. पण कागदावर त्याची खूण नाही. पुढच्या महिन्यात संगणक पुन्हा तोच न मिळणारा बोल्ट मागत बसतो.

उपायही गूढ नाहीत. प्रत्येक यादीला एक धनी हवा. दहा जण जिच्यात हात घालू शकतात ती यादी कोणाचीच नसते. प्रत्येक भागाला एकच क्रमांक हवा. बदल करावयाचा तर त्याची चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीवर तो कोणत्या तारखेपासून लागू होणार आणि जुना साठा वापरून संपवावयाचा की मोडीत काढावयाचा, हे लिहिलेले हवे. बदलापूर्वी उलटी यादीही पाहावी: हा बोल्ट आणखी कोणकोणत्या वस्तूंत लागतो? नाही तर एका पंपाची गळती थांबविताना दुसऱ्या तिघांची जोडणी अडते. खाडाखोड तर मुळीच नको. ईआरपीनेक्स्टमध्ये यादी एकदा पक्की केली की तीत फेरफार होत नाही. नवी आवृत्ती काढावी लागते, आणि जुनी जागच्या जागी राहते. ही शिस्त आम्हांस फार आवडते. सहा महिन्यांपूर्वी यादीत काय होते हे दाखविता आले, तर निरपराध माणसाला चौकशीत हातात खडू घ्यावा लागत नाही.

आणि शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त. महिन्यातून एकदा एक तयार पंप टेबलावर घ्यावा, त्याचा भाग अन् भाग सुटा करावा, आणि यादीशी ताडून पाहावा. त्या वेळी आराखडा करणारा, स्टोअरकीपर आणि फिटर हे तिघेही हजर हवेत. यादी वाचणारा एक, भाग मोजणारा दुसरा, आणि “साहेब, असे होत नाही” म्हणणारा तिसरा. हा तिसरा नसला तर उरलेल्या दोघांची बैठक निव्वळ कागदाशी कागद जुळविण्याची होते.

येथे एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवणे आमच्या धंद्याला शोभणारे नाही. आमचे जुने सहकारी म्हणतात, “हातातली विद्या कशाला द्यायची? ती आहे म्हणून आपल्याला किंमत आहे. एकदा यादीत गेली की उद्या परवाचे पोर आपल्या जागी उभे करतील.” ही भीती खुळी नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले होते, की कामगारांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान व्यवस्थापकांनी गोळा करावे, त्याचे वर्गीकरण करावे आणि त्याचे नियम करावेत. त्यानंतर दर कमी होण्याचा आणि घड्याळ डोक्यावर येण्याचा अनुभव कामगारांनी देशोदेशी घेतला आहे.

तरीही आमचे मत असे आहे की ज्ञान लपवून ठेवणे हा तोट्याचा सौदा आहे. लपविलेल्या ज्ञानाने यादी खोटी राहते, आणि खोट्या यादीचा दंड वर सांगितल्याप्रमाणे आमच्याच हजेरीतून कापला जातो. तेव्हा ज्ञान द्यावे. मात्र दान म्हणून देऊ नये, करार करून द्यावे. आम्ही जेथे जेथे बोलणी केली तेथे तीन गोष्टी मागितल्या. यादीतील चूक लिहून देण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला, कंत्राटी असला तरी, असावा. आणि चिठ्ठीला आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, मग ते नकाराचे का असेना. दुरुस्तीच्या नोंदीत ती सुचविणाऱ्याचे नाव राहावे. आणि अशा दुरुस्तीच्या आधारावर कोणाचा दर कमी करू नये किंवा कोणाला कामावरून काढू नये. चौथी गोष्ट मागावी लागू नये, पण लागते: घट निघाली तर माणसाला नोटीस देण्यापूर्वी यादी तपासावी.

काही मालकांनी या मागण्या मान्य केल्या, काहींनी पहिल्या दोन मानल्या आणि तिसरीपाशी घोडे अडले. लढा चालू आहे. पण जेथे चिठ्ठी सुरू झाली तेथला बदल डोळ्यांनी दिसतो. फिटर आता नुसता चरफडत नाही, लिहितो. स्टोअरकीपर दुसरा बोल्ट देतो, पण नोंद करून देतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी चाकण-भोसरीला पाळीवर जाते. ते एखाद्या दिवशी दुपारीच घरी आले आणि म्हणाले, “माल नव्हता,” तर एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: “माल नव्हता, की यादीत नव्हता?” उत्तर त्यांना ठाऊक असेल. ते उत्तर घरात सांगून संपू देऊ नका. ते चिठ्ठीवर लिहिण्यास सांगा.